आईच्या नावाचा रकाना

ठाण्यातल्या संगणकाच्या खोलीत माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक प्रशंसापत्र लावलेलं आहे. सोनेरी किनार, निळा शिक्का, खाली मोठ्या साहेबांची सही. 'माहिती शुद्धीकरण मोहिमेतील उल्लेखनीय कामगिरीबद्दल' असं त्यावर छापलं आहे आणि मधोमध, मी किती दुबार नोंदी निकाली काढल्या तो आकडा, सगळ्यात मोठ्या अक्षरात. नाव माझंच. दोन वर्षं मी येता-जाता ते बघून खूश होत होते. आता त्याच्याकडे पाठ करून बसायला मिळतं, ही खुर्ची मांडणाऱ्याची कृपा.

मी पोलीस खात्यात आहे, पण मला पोलीस कुणी समजत नाही. बंदोबस्त नाही, गस्त नाही, पंचनामा नाही. भरती झाले तेव्हाच्या ठाणेदारांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "टायपिंग येते का तुले?" मी हौसेने हो म्हणाले आणि तिथेच फसले. तेव्हापासून फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, पंच, हरवलेले मोबाइल आणि पळालेल्या पोरी, सगळं माझ्या बोटांखालून सर्व्हरात जातं. वर कुठेतरी कुणीतरी त्याचं विश्लेषण करतं आणि महिन्याच्या बैठकीत आम्हाला नकाशा दाखवतात. जिथे गुन्हे जास्त तिथे लाल ठिपके, कमी तिथे पिवळे. ठिपके बघून गस्त ठरते, सणासुदीला कुणाच्या घरी जाऊन हजेरी घ्यायची तेही ठरतं.

कल्पना वाईट नाही. आठवडी बाजारातून मोटरसायकली जायच्या, तेव्हा कोणत्या तासाला आणि कोणत्या कोपऱ्यातून जातात ते या नकाशानेच दाखवलं होतं. दोन शिपाई साध्या कपड्यांत उभे केले, तिसऱ्या बाजाराला चोर हातात. मी घरी येऊन बाबांना कौतुकाने सांगितलं होतं की आता गुन्हेगाराची खैर नाही, सगळं मशीनला कळतं. बाबा म्हणाले होते, "मशीनला कोण सांगते?" मी म्हणाले, मी सांगते. तेव्हा ते हसले होते, आणि मला त्या हसण्याचा राग आला होता.

तर एका सोमवारी सकाळी तो आला. तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. घाटंजीच्या अंगाला असलेल्या एका तांड्यावरचा. सरकारी रुग्णवाहिकेवर चालक म्हणून त्याची निवड झाली होती. सगळी कागदं जमली होती, राहिलं होतं फक्त चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र. ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत यवतमाळला जमा केलं नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार होते.

"बारा वर्षं झाले मॅडम, दुसऱ्याची काळीपिवळी चालवून राह्यलो," तो म्हणाला. "हे लागलं तं सुटलो."

मी नाव टाकलं, बापाचं नाव टाकलं, गाव, जन्मतारीख. जन्मतारीख एक जुलै. त्यात काही विशेष नाही. आमच्या भागातली निम्मी माणसं एक जुलैची आहेत. आमच्याकडे शाळा उन्हामुळे उशिरा उघडते, दाखले जुलैत होतात, आणि गुरुजींनी विचारल्यावर ज्या आईबापांना पोराची तारीख सांगता आली नाही, त्या सगळ्यांची पोरं एक जुलैला जन्मली. माझीही कागदावरची तारीख तीच आहे. त्या दिवशी ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकच्या चित्रांचा पाऊस पडतो आणि मी सगळ्यांना हात जोडलेली चित्रं पाठवत बसते.

बटण दाबलं तर पडदा लाल झाला. 'सराईत. अहवाल प्रतिकूल.'

खाली यादी. मारामारीचा एक गुन्हा, शेतातल्या मोटारीची केबल चोरल्याचा एक गुन्हा. मी मान वर केली आणि दरडावून विचारलं, "हे तुह्येच का?" पोलिसातली सवय आहे ती, समोरच्याला अरेतुरे करून घाबरवायची. मला स्वतःला कुणी घाबरत नाही तरी ती माझ्यातही उतरली आहे.

तो उभाच राहिला. "नाही मॅडम. मी कवाच ठाण्यात आलो नाही. एकडाव आलतो, मोबाइल हरपलता तवा."

मी यादी आणखी खाली सरकवली. होता, तोही होता. हरवलेल्या मोबाइलचा तक्रारदार, हाच. त्याच्याही खाली, केबल चोरीच्या पंचनाम्यात पंच क्रमांक दोन, हाच. म्हणजे आमच्या संगणकाच्या मते या माणसाने केबल चोरली आणि मग पोलिसांसोबत शेतात जाऊन, केबल इथून चोरीला गेली बरं का, अशी स्वतःच पंच म्हणून सहीही केली. एवढा सज्जन चोर आमच्या ठाण्याच्या इतिहासात झाला नसेल. आणि चार ठिकाणी नाव आलं म्हणून मशीनने आपोआप त्याला सराईत ठरवून टाकलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ते मारामारी आन् केबलवालं तं लहान्याचं होय. मी मोठा."

तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला.

कारण त्या तांड्यावरच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले आहे. माझे बाबा तिथे एकटेच गुरुजी होते, चारही वर्ग एकाच खोलीत. मी चौथीत असताना पहिलीत दोन पोरं आली होती, एकाच नावाची. दोघांच्या बापांचं नावही एक, आडनावही एक. सगळा तांडा एकाच आडनावाचा, देवाधर्माची चार-पाच नावं सगळ्यांत वाटून घेतलेली, तेव्हा असं होणारच. हजेरी घेताना बाबा एकाला मोठा म्हणायचे, एकाला लहाना. पाटीवरही एक आणि दोन असे आकडे घालून द्यायचे. पुढे कुठल्या कार्डावर, कुठल्या यादीवर ते आकडे आले नाहीत. कागदावर त्या दोघांचा एकच माणूस झाला नव्हता इतकंच. ते काम दोन वर्षांपूर्वी मी केलं.

शुद्धीकरण मोहीम निघाली होती. मशीन रोज यादी द्यायचं, या या नोंदी एकाच व्यक्तीच्या वाटतात. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख, चारही जुळतात. खाली तीन बटणं: 'होय, एकत्र करा', 'नाही', आणि 'तपासून पाहा'. 'तपासून पाहा' दाबलं की ते प्रकरण प्रलंबित धरलं जायचं, शिपायाला गावात पाठवावं लागायचं, आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या क्रमवारीत आपलं ठाणं खाली. ठाणेदार रोज सहा वाजता येऊन विचारायचे, "आज कितवे आहो आपण?" मी होय, होय, होय दाबत गेले. चार गोष्टी जुळणारी दोन माणसं असतात का कुठे, असं मला वाटलं. मला! जिची स्वतःची तारीख खोटी आहे आणि जी त्या दोघांसोबत एका वर्गखोलीत बसली आहे!

मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. चूक आमची आहे, दुरुस्त होईल, असं म्हणाले. माझी आहे, असं म्हणायचं धाडस तेव्हा झालं नाही.

तो म्हणाला, "म्हणून येत होते का मंग? दोन वर्षं झाले, दर सणाले घरी पोलीस येऊन राह्यले. पोळ्याले आले, दिवाळीले आले. कुठं हायेस, काय करतेस, इचारते आन् फोटो काढून नेते. मले वाटे, तांड्यावर सगळ्याईच्याच घरी जात असन."

तांड्यावर पोलीस आला की कुणी कारण विचारत नाही, हे मला माहीत आहे. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं.

ठाणेदारांकडे गेले. सगळं सांगितलं. ते फाइलीतून मान वर न काढता म्हणाले, "सिस्टीम सराईत म्हणते तं काही असंलच नं."

"साहेब, स्वतःच्या चोरीवर कोणी स्वतः पंच होते का?"

"आजकाल काही सांगता येत नाही."

आता यावर काय बोलायचं! मी म्हटलं, ठसे जुळवून बघते. लहान्याची अटक झाली होती, त्याचे ठसे असणार. उघडून बघितलं तर ठशांच्या जागी 'यंत्र नादुरुस्त' आणि फोटोच्या जागी रिकामी करडी चौकट. ती नोंदही माझीच, त्या दिवशी यंत्र खरंच बंद होतं. लहान्यालाच आणून समोर उभा करावा म्हटलं तर तो कामासाठी तेलंगणात गेलेला, फोन बंद. घरच्यांना एवढंच ठाऊक, कुठेतरी रस्त्याच्या कामावर आहे.

मग मी तक्रार नोंदवली. आमच्या सिस्टीमची तक्रार सिस्टीममध्येच नोंदवायची असते, आणि ती वरच्या कार्यालयातल्या तांत्रिक कक्षात जाते. 'दोन वेगळ्या व्यक्ती चुकून एकत्र, तातडीने वेगळ्या करा.' मंगळवारी सकाळी उत्तर आलं: 'समस्येचे निराकरण झाले आहे. आपला अभिप्राय द्या.' खाली पाच चांदण्या. नाव टाकून बघितलं, पडदा लालच. पुन्हा तक्रार केली. दुपारी पुन्हा निराकरण झालं, पुन्हा पाच चांदण्या. तिसऱ्यांदा फोनच लावला. गाण्याची धून ऐकून कान बधिर झाल्यावर तिकडून एक गृहस्थ अतिशय गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, सिस्टीम बरोबर आहे. एकत्रीकरण तुमच्याच लॉगिनवरून झालेलं आहे."

"मला माहीत आहे ते. आता वेगळं कसं करू?"

"त्यासाठी दोन व्यक्ती वेगळ्या असल्याचा कागदोपत्री पुरावा जोडावा लागेल."

दोन माणसं दोन आहेत याचा पुरावा. एक जण माझ्या समोरच्या बाकड्यावर बसून चहा पीत होता.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा ओट्याजवळ बसून मेथी निवडत होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून भाजीचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे आणि एक जुडी त्यांना तासभर पुरते. मी पर्स आपटली.

"बाबा, तांड्यावरच्या सगळ्या पोरांची तारीख एक जुलै कोणी लिहिली?"

"मी लिहिली. अजून कोण होतं तिथं?"

"काहून पण?"

"रकाना होता. मोकळा सोडला की तपासणीला येणारे साहेब लाल शाईनं शेरा मारत. तारीख लिहा म्हणे, कोणतीबी लिहा, पण लिहा."

"निदान माझी तरी खरी लिहायची होती. मी दवाखान्यात जन्मले, तुम्ही स्वतः होते तिथं."

बाबांनी एक काडी नीट खुडली. "एक जुलैले मी वर्गात गूळ-शेंगदाणे वाटत होतो. सगळ्या पोराईचा वाढदिवस म्हणून. तुले एकटीले माघ महिन्यात काय वाटू? बाकीचे तोंडाकडे पाहत बसले असते."

हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. दुसरा कोणताही दिवस असता तर मी बसून ऐकलं असतं. त्या दिवशी माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी म्हणाले, "तुमच्या गूळ-शेंगदाण्यापायी एका माणसाची नोकरी जाऊन राह्यली." आणि सगळं सांगितलं, बटणापासून पाच चांदण्यांपर्यंत. आवाज चढवूनच सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या पोरांच्या आयांना एका शब्दानं विचारलं तरी होतं का तुम्ही?"

बाबांनी मेथीचं ताट बाजूला सरकवलं. रागावले की ते शुद्ध बोलतात. "विचारलं नाही म्हणतेस? एकेकीला बसवून विचारलं आहे मी. जे सांगितलं ते शाळेच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे. तुझ्यासारखं बटण दाबत बसलो नव्हतो."

ते शब्द मला लागले. पण मी तेव्हाच मोठ्याला फोन लावला, उद्या तांड्यावरच्या शाळेत जाऊ म्हटलं.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तो काळीपिवळी घेऊन आला, मालकाकडून चार तासांसाठी मागून. बाबा पुढे बसले. रस्ताभर दोघांचं कापूस, सोयाबीन, कोण गेलं, कोण कुठे लागलं हे चाललं होतं आणि मी मागे बसून घड्याळ बघत होते. शाळेच्या मुख्याध्यापिका नवीन होत्या. त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाल्या की हे बाहेर नेता येणार नाही, आणि फोटो काढायलाही खरं तर वरून परवानगी लागते. मी खिशातलं ओळखपत्र काढलं. इतक्या वर्षांत त्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला.

पिवळे पडलेले कागद, बाबांचं बारीक, तिरपं अक्षर. जन्मतारखेच्या रकान्यात वरून खालपर्यंत एक जुलै, एक जुलै, एक जुलै. आणि अगदी उजवीकडे, शेऱ्याच्या बोटभर जागेत, कधी दोन तर कधी तीन ओळी कोंबलेल्या. प्रत्येक ओळीत आधी आईचं नाव. 'सांगते, कापसाची पहिली वेचणी चालू होती.' 'सांगते, विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी.' 'आई नाही, आजी सांगते, तांड्यावर देवीची पूजा होती, बोकड कापला होता.' माझ्याही ओळीत आईचं नाव होतं, आणि पुढे फक्त, 'माघ. थंडी फार.' मी ते पान पटकन उलटलं, कारण रडायला वेळ नव्हता.

ते दोघं एकाखाली एक होते. पहिला: आईचं नाव, 'सांगते, होळी होऊन पाच दिवस. वरच्या वाटेवरचं घर. मोठा.' दुसरा: आईचं दुसरं नाव, 'सांगते, तूर सोंगताना, बांधावरच. नाल्याकडचं घर. लहाना.' त्या दोन ओळींत दोन माणसं सरळ दिसत होती.

तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याची याडी, म्हणजे आई, तो सातवीत असताना गेली. घरात तिचा फोटो नाही. त्याने ते नाव बोटाखाली धरलं आणि बराच वेळ बोट उचललंच नाही.

"गुरुजी, हे तिनं सोताच सांगतलं?"

"हो मंग. तुले कडेवर घेऊन आलती. तू रडत होता, शाळेत नाही राहत म्हणून. तिची ओढणी हातात धरून बसला होता."

"होळीच्या पाचव्या दिवशी," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

मी फोटो काढले, ठाण्यात आले, जोडले, पाठवले. गुरुवारी सकाळी उत्तर: 'जोडपत्र विहित नमुन्यात नाही. समस्येचे निराकरण झाले आहे.' चांदण्या. मी फोन उचलला आणि त्या गोड आवाजाच्या गृहस्थांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते निमूट ऐकून घेत होते, हे त्यांचं मोठेपण. माझा दम संपल्यावर म्हणाले, "मॅडम, मी मदतच करतोय. शेऱ्यातलं मशीन वाचत नाही. होळी, तूर, हे त्याला कळणार नाही. नोंदी वेगळ्या करायच्या तर दोघांमध्ये निदान एक रकाना वेगळा पाहिजे. एक तरी. कोणताही."

"अहो, नाव एक, बापाचं नाव एक, गाव एक, तारीख एक. मी कुठून आणू वेगळा रकाना?"

"आईचं नाव वेगळं नाही का?"

मी हळूच विचारलं, "तो रकाना आहे?"

"पहिल्यापासून आहे. दुसऱ्या पानावर, खाली. तुमच्याकडे दोघांचाही रिकामा दिसतोय."

मी दुसरं पान उघडलं. होता. 'आईचे नाव.' त्याच्यापुढे लाल चांदणी नव्हती. लाल चांदणी असलेले रकाने भरल्याशिवाय मशीन पुढे जाऊ देत नाही. हा रिकामा ठेवला तरी जाऊ देतं. म्हणून मी इतक्या वर्षांत एकदाही भरला नव्हता. हजारदा ते पान डोळ्यांखालून गेलं असेल. समोर बसलेल्या एकाही माणसाला मी विचारलं नव्हतं की बाबा रे, तुझ्या आईचं नाव काय. आणि परवा संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात बाबांना विचारलं होतं, आयांना विचारलं तरी होतं का!

दोन्ही नावं भरली. विनंती वर गेली. शुक्रवारी सकाळी तो आठ वाजताच येऊन बसला. साडेदहाला सर्व्हर बंद. अकराला बंद. बाराला चालू झाला आणि मी आनंदाने खुर्ची ओढली तोच पुन्हा बंद. ठाणेदार दोनदा डोकावले आणि म्हणाले, "झालं का तुह्या पाहुण्याचं?" तिसऱ्यांदा मात्र त्यांनी स्वतःच वर कुणाला तरी फोन लावला आणि दार बंद करून बोलले. काय बोलले ते मला आजही माहीत नाही, पण पावणेतीनला मंजुरी आली.

शेवटच्या पानावर मशीनने विचारलं, चूक होण्याचं कारण निवडा. 'नागरिकाने चुकीची माहिती दिली.' 'जुनी नोंद.' 'तांत्रिक अडचण.' 'इतर.' आमची चूक, असा पर्याय नव्हता. मी 'इतर' निवडलं. पुढे खुलाशाला जागा होती, मोजकी अक्षरं मावतील एवढी. मी लिहिलं, 'मी न बघता होय दाबलं.' ते मावलं.

तीनला पडदा हिरवा झाला. प्रमाणपत्र निघालं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, फाइलीत ठेवलं आणि मला नमस्कार केला. मी म्हणाले, "नमस्कार नको करू. ते मीच एकत्र केलं होतं, दोन वर्षांमागं. मीच." त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल काहीतरी, बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "पाचच्या आत पोचाचं हाय मॅडम," आणि निघून गेला. पावणेपाचला फोन आला. जमा झालं.

मी खुर्चीत मागे रेलले तर डोकं त्या प्रशंसापत्राच्या चौकटीला लागलं.

वळून बघितलं. तो आकडा. तो माणूस आला म्हणून कळलं. त्याला रुग्णवाहिका चालवायची होती, प्रमाणपत्र लागलं, म्हणून आला. बाकीचे कायले येतील? ज्यांना कुठली नोकरी लागत नाही, ज्यांच्या घरी पोलीस सणाला फोटो काढून जातात आणि ज्यांना वाटतं सगळ्यांकडेच जात असतील, ते कशाला येतील माझ्याकडे?

सोमवारी त्या गृहस्थांना पुन्हा फोन केला. म्हटलं, मोहिमेत मी एकत्र केलेल्या नोंदींची यादी द्या, मी सगळ्या पुन्हा तपासते.

"मॅडम, ती कच्ची यादी मोहीम संपल्यावर काढून टाकली. फक्त एकूण संख्या ठेवलेली आहे."

"संख्या माझ्या भिंतीवर आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ठाणेदारांना म्हटलं, साहेब, ते प्रशंसापत्र काढून घेते. ते म्हणाले, पुढल्या महिन्यात तपासणी आहे, साहेब लोकं भिंती पाहतात, राहू दे. म्हणून ते अजून तिथेच आहे.

यादी नाही, पण रजिस्टर आहे. निदान त्या एका तांड्याचं आहे. मुख्याध्यापिका बाईंना दोनदा चहा पाजून मी सगळ्या पानांचे फोटो आणले. आता रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाबा डबा घेऊन ठाण्यात येतात. पोळी-भाजी खाऊन होते, मग ते चष्मा कपाळावर चढवतात, मोबाइल नाकाजवळ धरतात आणि स्वतःचंच अक्षर लावायला लागतात. अक्षर लागलं नाही की माझ्यावर चिडतात, फोटो नीट काढता येत नाही म्हणतात. मी त्यांच्यावर चिडते, एवढं बारीक कशाला लिहायचं होतं म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने सुरुवात केली, अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, एक जुलै.

"ते राहू द्या, बाबा," मी म्हणाले. "आईचं नाव सांगा आधी."